अर्धापूरचा डबा आणि माझी धाकटी जाऊ

माझी धाकटी जाऊ लातूरची. लातूरची म्हटल्यावर पोरगी हुशारच असणार, हे आमच्या घरात लग्नाआधीच ठरून गेलं होतं. मी हिमायतनगरची. तिथली पोरगी इंजिनिअर झाली याचं लोकांना कौतुक कमी, नवल जास्त. जाऊ घरात आल्यापासून मी तिच्यावर जळते, हे सरळच सांगते. उगाच गोड बोलून काय करायचं?

नांदेडला आमचं घरचंच वर्कशॉप आहे. केळी पिकवायच्या ज्या थंड खोल्या असतात, त्यांचं तापमान आणि गॅस सांभाळणारा डबा आम्ही बनवतो. विकायचं, बसवायचं काम नवरा आणि दीर बघतात. आतला कोड पहिल्यापासून माझा. पण ही आली आणि सासूबाई पाहुण्यांना सांगायला लागल्या की डबे धाकटीच्या डोक्यातून निघतात. मी तिथंच चहाचा ट्रे घेऊन उभी असायची.

त्यात अर्धापूरच्या एका बागायतदाराचा डबा बिघडला. रोज सकाळी तो सगळं विसरायचा. डब्यात एक फ्लॅश चिप असते. तापमान किती, गॅस कधी सोडायचा, हे तिच्यावरच्या फायलींत लिहिलेलं असतं. डबा चालू झाला की आधी ती चिप माउंट करतो, म्हणजे त्या फायलींचं दार उघडतो. दार उघडलंच नाही तर चिप कोरी समजून पुसायची आणि नव्यानं मांडायची, अशी ओळ मी लिहिली होती. नव्या चिपला ती लागतेच. अर्धापूरला मात्र रोज माउंट फसत होतं आणि रोज चिप पुसली जात होती. खोलीतली केळी अर्धी हिरवी, अर्धी काळी. तोच डबा वर्कशॉपात आणला की शहाण्यासारखा चालायचा. चिप बदलली, बोर्ड बदलला, काही उपयोग नाही.

नवरा वैतागून म्हणाला, "आता उद्या हे सुटलं नाही तर कोड धाकटीकडं देऊ. तू बिलं आन् कुरिअर बघ."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत तिलाच पाठवलं.

अर्धापूरला मी डब्याला लॅपटॉप जोडून बसले. डबा चालू केला की माउंट होतंय, परत केला की परत होतंय. बागायतदार काका माझ्याकडं बघत उभे, आणि मला घाम फुटलेला. तेवढ्यात जाऊ त्यांना म्हणाली की काका, रोज सकाळी तुम्ही इथं येऊन काय करता, तसंच करून दाखवा. मला वाटलं, हिला आत्ता गप्पा सुचून राहिल्यात.

काकांनी शॉक बसू नये म्हणून मेन स्विच बंद केला, डबा ओल्या फडक्यानं पुसला, हळदीकुंकू लावलं, अगरबत्ती ओवाळली आणि स्विच चालू केला. हिरवा दिवा लागायला थोडा वेळ जातो. काकांना कुठला धीर? "चालू झालं न्हाई वाटतं," म्हणत बंद केला, चालू केला, पुन्हा बंद. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डबा चालू होताना चिपवर लिहीत असतो. लिहिणं अर्धवट असतानाच वीज जायची, पुढच्या वेळी माउंट फसायचं, आणि माझी ती ओळ सगळं पुसून मोकळी व्हायची.

तिथंच बसून कोड बदलला. माउंट फसलं तर लगेच पुसायचं नाही, पुन्हा बघायचं, नाहीतर बाजूला ठेवलेली दुसरी प्रत उचलायची. काकांना म्हटलं, आता कितीही वेळा बंद-चालू करा. त्यांनी हौसेनं केलं. डबा काही विसरला नाही. नांदेडपर्यंत मी एकटीच बोलत होते आणि ती मान हलवत होती.

जेवताना दीर सहज बोलून गेला, "काल काकांनी डब्याचे फोटो पाठवले, तेव्हाच हिनं वळखलं होतं. डब्यावर ताजं कुंकू, म्हणजे रोज पुसायला, पूजेला मेन बंद करून राहिले."

ताट उचलून मी तिच्यामागं स्वयंपाकघरात गेले. माहीत होतं तर बोलली का नाहीस, म्हणून विचारलं.

ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "मी बोलले असते तर कोड माझ्याकडं आला असता, ताई. मला लई आवडलं असतं. पण मग तुम्ही या घरात काय केलं असतं?"

तिनं टोमणा मारला असता तर मी तिला चांगलं सुनावलं असतं. पण ती खरंच काळजीनं बोलत होती, आणि त्याचाच मला जास्त राग आला. तशीच बाहेर आले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. शोधलं मी नाही, तिनं शोधलं. देऊन टाका तिला कोड.

सासूबाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "बघा, मन किती मोठं हाय धाकटीचं."

नवऱ्यानं, दिरानं माना डोलावल्या. ती पदराला हात पुसत दारात आली आणि म्हणाली, कोड ताईंकडंच राहू द्या. सगळ्यांनी लगेच ऐकलं. आजही तो माझ्याकडंच आहे, तिनं सांगितलं म्हणून.