डोंगराला पाळी लावणारे बेहेरे साहेब

श्री. मुकुंदराव बेहेरे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी चुकीच्या टेबलासमोर उभा होतो. यवतमाळकडच्या एका खेड्यातून कृषी खात्यातल्या नोकरीचा आदेश खिशात घालून मी पुण्यात उतरलो होतो. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला असलेल्या मावसभावाच्या क्वार्टरमध्ये माझी ट्रंक ठेवली होती, आणि अंगावर त्याचाच इस्त्रीचा शर्ट होता. कार्यालयात कोण कुठे बसतं हे सांगण्याची कुणालाच घाई नव्हती. बराच वेळ गेल्यावर खिडकीजवळच्या टेबलावरून आवाज आला, "बसा. इथे उभं राहण्याचा वेगळा पगार मिळत नाही."

मी बसलो. काय काम आहे, असं त्यांनी विचारलं. "साहेब, हजर व्हायचं हाय म्हणून मघापासून वाट पाहून राहिलो," मी आमच्या भाषेत म्हणालो. साहेबांनी चष्मा वर केला. "पाहून झाली, की पाहायची राहिली?"

अख्खं कार्यालय हसलं. या माणसाशी आपलं जमणार नाही अशी माझी त्या दिवशी खात्री झाली होती. पुढे त्यांच्या हाताखाली मी कितीतरी वर्षं काम केलं, आणि आज त्यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात लिहिण्याचा मान मला मिळतो आहे. माझ्या खात्रीची किंमत तेव्हापासून मला कळलेली आहे.

बेहेरे साहेब मृदसंधारण अधिकारी होते. डोंगरउतारांवर चर खणायचे, बांध घालायचे, गवत वाढवायचं, पावसाचं पाणी अडवायचं आणि या सगळ्यासाठी शेतकऱ्यांपर्यंत सरकारी मदत पोचवायची, हे आमचं काम. कार्यालयात मात्र त्यांच्या माघारी त्यांना 'निद्रासंधारण अधिकारी' म्हणत. हे नाव साहेबांना ठाऊक होतं. आता ते स्वतःच चारचौघांत सांगतात, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

त्या नावाला कारण होतं. नव्या डोंगराची पाहणी करायची असली की सकाळी आम्ही तो पायाखालून घालायचो. दुपारी डबा खाऊन झाला की साहेब डोक्याखाली पिशवी घेऊन उतारावर सरळ आडवे होत. पहिल्यांदा मला वाटलं, उन्हानं चक्कर आली. मी पाण्याची बाटली घेऊन धावलो, तर डोळे न उघडता म्हणाले, "उभ्या माणसाला उतार दिसत नाही. आडवं झालं की तो पाठीला कळतो. आपणही पडा, कुणी बघत नाहीये."

मीही पडलो. त्या दुपारी आजही मला जागेपणी पाहिलेल्या स्वप्नासारख्या वाटतात. पवन्या गवताचे तुरे तोंडावर हलत असत. त्यांच्या पलीकडे नुसतं आभाळ. कुठेतरी म्हशींच्या गळ्यातल्या घंटा वाजत आणि वारा फिरला की थांबत. खाली हिंजवडीच्या बाजूला काचेच्या पहिल्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यांच्यावरून परतलेलं ऊन शेतांवरून हळूहळू सरकत जायचं, ज्वारीवरून, विहिरीच्या कठड्यावरून, एखाद्या बैलाच्या पाठीवरून. ती शेतं पुढे राहणार नाहीत हे तेव्हा सगळ्यांना कळून चुकलं होतं, पण त्या दुपारी ते खरं वाटत नसे. कुणीतरी झोपेत हे सगळं पाहत आहे, आणि आपण बोललो तर त्याला जाग येईल, अशा भीतीनं मी गप्प पडून राहायचो. साहेबही गप्पच असत. ते झोपत की विचार करत, हे मी आजवर सांगू शकलेलो नाही. उठले की मात्र चर कुठून कुठवर न्यायचे ते बोटानं दाखवत, आणि पावसात पाणी तिथेच येऊन थांबे.

बोरवाडीची गोष्ट याच काळातली. हिंजवडीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याचं हे गाव पाणलोट कार्यक्रमात आलं होतं. उन्हाळ्यात विहिरी तळाला जायच्या, म्हणून गावाला कार्यक्रम हवा होता. पण सरकारी मदतीला एक अट होती, चराईबंदी. चर खणल्यावर आणि गवत पेरल्यावर काही वर्षं अख्ख्या डोंगरावर एकही जनावर जाता कामा नये. शाळेच्या ओसरीवर सभा भरली, साहेबांनी अट वाचून दाखवली, तरुण मंडळींनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागून एक बाई उठल्या. त्या हौसाबाई. नवरा गेलेला, दोन मुलं लहान, थोड्या म्हशी आणि शेळ्या. त्यांच्या दुधावर घर चालायचं आणि जनावरं डोंगरावर चरायची.

"बंदी घाला," त्या म्हणाल्या. "पर मंग माझी जनावरं आजच बाजारात उभी करा. चार वर्सं काय त्यास्नी पंचायतीचा कागद चारू?"

कुणीतरी त्यांना खाली बसायला सांगितलं. साहेबांनी त्या माणसालाच खाली बसवलं. मग त्यांनी हौसाबाईंना एक भलताच प्रश्न विचारला. "आपल्या विहिरीत वाटेकरी किती?"

"दीर, चुलत दीर, आन आमी."

"मग मोटार सगळे एकदम लावता?"

"एकदम कशी लावायची? पाळी अस्ती की."

"मग डोंगराला पाळी लावू," साहेब म्हणाले.

साहेबांनी समजावून सांगितलं. डोंगराचे दोन भाग करायचे, गावाकडचा आणि ओढ्याकडचा. चर दोन्हीकडे खणायचे. पण दोन पावसाळे एक बाजू राखायची आणि दुसरीवर जनावरं सोडायची, मग अदलाबदल. मोकळ्या बाजूलाही जनावरं बेतानं सोडायची. राखलेल्या बाजूचं गवत कापून न्यायला दिवाळीनंतर सगळ्यांना मोकळीक. शेवटी ते हौसाबाईंकडे वळून म्हणाले, "या कार्यक्रमापायी तुम्हाला जनावरं विकावी लागणार नाहीत. हा माझा शब्द नाही, सरकारचा शब्द आहे."

जीपमध्ये बसल्यावर मी विचारलं, सरकारनं हा शब्द कधी दिला? साहेब म्हणाले, "आत्ता. आता सरकारला कळवायचं राहिलं."

कळवणं सोपं नव्हतं. वरिष्ठांनी बोलावून घेतलं तेव्हा मी दारात उभा होतो. "अहो बेहेरे, बंदी म्हणजे बंदी. अर्धी बंदी असते का कुठे?" असं त्यांनी विचारलं. साहेब शांतपणे म्हणाले, "असते. आमच्या पेठेतल्या नळाला रोज असते." वरिष्ठांना हसू आवरलं नाही. परवानगी मिळाली, पण गवत आलं नाही तर त्याला बेहेरे जबाबदार, असं बजावून. गवत आलं नसतं तर साहेबांची नोकरी अडचणीत आली असती, आणि त्याहून वाईट म्हणजे डोंगर सरसकट बंद झाला असता. हौसाबाईंचा गोठा मग वाचला नसता. साहेबांना काळजी दुसऱ्या गोष्टीची होती, नोकरीचं नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

पहिल्या पावसाळ्यात राखलेल्या बाजूला गवत आलं आणि मोकळी बाजू खरवडल्यासारखी दिसू लागली. खरी परीक्षा तिथेच होती. पलीकडे हिरवं दिसत असताना जनावर आवरायचं कुणी? आम्ही अधूनमधून जायचो तेव्हा दोन्ही बाजूंच्या मधल्या दगडांच्या ओळीवर हौसाबाई काठी घेऊन बसलेल्या दिसायच्या. स्वतःची म्हैस पलीकडे गेली तर तिलाही त्याच शिव्या मिळायच्या ज्या दुसऱ्याच्या म्हशीला. पाळी बदलली त्या वर्षी दोन्ही अंगांना गवत धरलं. विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहिलं. कार्यालयात 'निद्रासंधारण' हे नाव मात्र तसंच राहिलं, कारण पुण्यात दिलेलं नाव कुणी परत घेत नाही.

साहेबांच्या शिस्तीबद्दल इतर मंडळी लिहितीलच. शेतकऱ्याकडून शेंगदाणाही घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम सगळ्यांना माहीत आहे. मला त्यांच्या एका खोटेपणाबद्दल लिहायचं आहे. माझी आई गावाहून कायमची माझ्याकडे खडकीला आली तेव्हा तिला पुण्यात काही गोड लागेना. जेवणावरची वासनाच उडाली होती. मी हे सहज साहेबांजवळ बोललो. त्या आठवड्यात ते खडकीच्या वाटेनं आले आणि दारातच अंबाडीच्या भाजीची जुडी पुढे केली. "वाटेत मिळाली. आमच्याकडे कुणी खात नाही." मग दर आठवड्याला वाटेत अंबाडी मिळू लागली. आई जेवू लागली. पुढे एकदा खडकीच्या बाजारात मी अंबाडी मागितली तर भाजीवाली म्हणाली, ती एका चष्मेवाल्या साहेबांसाठी बाजूला ठेवलेली असते, ते सदाशिव पेठेतून मुद्दाम येतात. मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मले पयल्याच दिवशी समजलं होतं. तुया सायेबाले खोटं बोलता येत नाही." आई आज नाही. तिच्या शेवटच्या वर्षांत तिच्या तोंडाला चव आणणाऱ्या या माणसाचं ऋण मला फेडायचंही नाही.

साहेब निवृत्त झाले. हिंजवडीची शेतं गेली, कंपन्यांच्या बसगाड्यांनी रस्ते भरले, बोरवाडीच्या वेशीपर्यंत उंच इमारती आल्या. डोंगर गावाचा सामाईक, म्हणून तो तेवढा राहिला. फोनवर बोलताना साहेब इकडचं तिकडचं विचारत आणि शेवटी विचारत, हौसाबाईंकडे जनावरं आहेत ना? आहेत, असं मी सांगायचो. गेल्या वर्षी मी त्या बाजूला गेलो तेव्हा गोठा रिकामा दिसला. घरी कुणी नव्हतं. साहेबांना तसं कळवलं. ते म्हणाले, "म्हणजे शब्द गेला." मी समजूत घालायचा प्रयत्न केला, पण पुढच्या प्रत्येक फोनला तेच वाक्य. या वयात त्यांना ते इतकं लागलेलं पाहून मला वाईट वाटायचं. शेवटी दिवाळीनंतर मी गाडी काढली आणि त्यांना बोरवाडीला घेऊन गेलो.

हौसाबाई ओट्यावर बसल्या होत्या. खूप थकल्या आहेत. साहेबांनी हात जोडले आणि बसायच्या आधीच विचारलं, "हौसाबाई, जनावरं विकावी लागली?"

"इकली," त्या म्हणाल्या.

साहेबांनी मान खाली घातली.

"गुडघं ऱ्हायलं न्हाईत माझं. सून कंपनीत जाती, पोरं ड्युटीवर. धारा कुनी काढायच्या? म्हनून इकली. माझ्या मर्जीनं इकली, साहेब. बंदीनं न्हाई." मग त्यांनी डोंगराकडे हात केला. "पाळी चालू हाय की. औंदा वढ्याकडची बाजू राखल्याली हाय. जावंच्या म्हशी गावाकडच्या अंगाला हायत, त्या बगा."

आम्ही बघितलं. उंच इमारतींच्या मागे, पिवळ्या उन्हात, डोंगराची एक बाजू चरून तोकडी झालेली होती आणि दुसरीवर कमरेएवढं गवत वाऱ्यानं एका अंगावरून दुसऱ्या अंगावर होत होतं. मधली दगडांची ओळ खालूनही दिसत होती. इतक्या वर्षांत अधिकारी बदलले, सरकारं बदलली, गावातले निम्मे लोक बदलले, आणि ती ओळ कुणी मोडली नव्हती. साहेब किती तरी वेळ ओट्यावरून उठले नाहीत.

निघताना हौसाबाई म्हणाल्या, "शंभर वर्सं जगा, साहेब."

"शंभराचं नंतर बघू. ओढ्याकडची बाजू उघडणार कधी?"

"म्होरल्या दिवाळीला."

"तोवर आहे मी," साहेब म्हणाले.

साहेब, एका दिवाळीवर आमचं समाधान नाही. ओढ्याकडची बाजू उघडेल तेव्हा आपण या. मग गावाकडची राखली जाईल. ती उघडेल तेव्हाही या, आणि त्यानंतर पुन्हा ओढ्याकडची. डोंगराला पाळी आपण लावलीत, ती पाहायला दर वेळी आपण ठणठणीत प्रकृतीनं, स्वतःच्या पायांनी वर चढून यावं, एवढंच आम्ही सगळे मागतो आहोत.