मामाजींचं पायपुसणं

कॅम्प-१ वस्तीतल्या आमच्या विहाराचं कुलूप गेली तीस वर्षं माझे सासरे धोंडबा, म्हणजे मामाजी, उघडतात. पहाटे साडेपाचला जायचं, झाडायचं, बुद्धांसमोर मेणबत्ती लावायची. स्टील प्लांटमधून फिटर म्हणून रिटायर झाले तरी हे काम काही त्यांनी सोडलं नाही. काचबिंदूनं नजर गेली. आता उजेड की अंधार एवढंच कळतं, तरी काठी टेकत जातातच.

मागच्या सोमवारी मात्र आमच्याच दारात पडले. टाइल्स बसवताना मिस्त्रीनं पायपुसण्यापुरती जागा खोलगट सोडली होती, दार त्यावर घासू नये म्हणून. त्यातलं जुनं पायपुसणं कुजून कड वर आली होती, तिच्यात पाय अडकला. हनुवटीला तीन टाके पडले.

माझे यजमान सुमेध चिडले. "बाबा, रविवारी वंदनेला सगळे येतात, तवा चावी देऊन टाका कोणाले तरी."

"मी पडलो नाही. त्या पायपुसण्यानं पाडलं मले. ते बदलतो."

"बदला. पण काठी एकदा जरी अडकली, तर चावी द्याची."

"ठरलं," मामाजी म्हणाले.

शनिवारी सुमेध रसमड्याला ड्यूटीवर गेले आणि मामाजींनी मी बाजारातून आणलेलं काथ्याचं नवं पायपुसणं पुढ्यात घेतलं. टेप मला वाचायला लावला. मग काटकोन धरायचा लोखंडी गुनिया लावून, बोटांनी चाचपत, सुरीनं कापायला बसले. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कोण जाणे, माझा जीव त्यांच्या अंगठ्यात अडकला होता.

"मी कापू का, मामाजी?"

"तू डोक्यावर उभी राहून उसासे टाकून राहिली ना, त्यानंच सुरी हालते. जाय, भाजी पाय."

बसवून पाहिलं तर डावीकडे फुगलं आणि उजवीकडे बोटभर फट. मामाजींनी गुनिया खळग्याच्या कोपऱ्यात लावला आणि त्यांचा हात तिथंच थांबला. खळगा तिरपा होता. चौतीस वर्षं गुनियात काम केलेल्या माणसानं मिस्त्रीचा खळगाही गुनियात असणार असंच धरलं होतं.

"हे तपासलंच नाही मी. प्लांटातला वरचा चार्जमन असता तर हाकललंच असतं मले."

त्यांनी काठी फटीवर टेकवली. टोक आत गेलं आणि रुतलं. दोघांनाही कळलं. मी मनात त्रिशरण म्हणायला घेतलं, पण तेही धड होईना. साडेबारा वाजले होते आणि सुमेध तीनला यायचे.

मामाजींनी जुना पेपर ओला करून मागितला. तो खळग्यात अंथरून कडेकडेनं अंगठा दाबत गेले, तशी कागदावर खळग्याची घडी उमटली. त्या घडीवर कागद कापला आणि पायपुसण्यावर ठेवून फुगलेली बाजू काढली. निघालेली पट्टी फटीच्या बाजूला सुतळीनं जोडायचं काम माझ्याकडे. दाभण दोनदा बोटात घुसला.

"कावून घाई करून राहिली? सुमेधले भेते का?"

"तुम्ही नाही भेत?"

एक कोपरा खचत होता, त्याखाली मामाजी सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालत राहिले. एक घातला, पायानं दाबला, काढला, दोन घातले.

सुमेध आले ते जोडे न काढता काठी घेऊन दारातच बसले. चारही कडांवर टोक फिरवलं, जोडाच्या शिवणीवर तर जोर लावून. काठी कुठं रुतली नाही. मामाजी भिंतीला पाठ लावून ऐकत होते.

"बरं आहे," सुमेध एवढंच म्हणाले.

रविवारी पहाटे मामाजी निघाले तेव्हा मी चपला घालून मागं उभी होते.

"कोणी माह्या मागं येऊ नका," ते वळून न पाहता म्हणाले, आणि काठीचा आवाज गल्लीत गेला.

सुमेध खिडकीशी होते. "जाऊ का?" मी विचारलं.

"नको. चावीचं बोलणं झालं होतं."

पण ते स्वतःही खिडकीवरून हलले नाहीत. चहा उकळून उकळून आटला, आणि आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, वळणावरच्या विहारात दिवा लागेपर्यंत.