सहीवाल्यांची खोली

आमच्या शेजारच्या गृहस्थांना त्यांच्या कंपनीत सगळे ‘सहीवाले’ म्हणत. पेन मात्र त्यांच्या खिशाला कधी दिसलं नाही. कंपनी लिफ्ट बनवायची. लिफ्टनं कुठे थांबायचं, दार कधी उघडायचं, हे ठरवणारा प्रोग्रॅम तिच्या चिपमध्ये असतो. तो बदलायचा झाला की नव्या प्रोग्रॅमवर यांच्या यंत्रानं डिजिटल सही करायची. सही पटली नाही तर लिफ्ट तो प्रोग्रॅम घेतच नाही.

लिफ्ट पंचवीस-तीस वर्षं चालते. तोवर क्वांटम संगणक आले तर जुन्या तऱ्हेच्या सह्या ते सहज बनावट करतील, ही धास्ती. म्हणून ही नवी, हॅशवर आधारलेली सही. हॅश म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “दळण. गव्हाचं पीठ होतं, पिठाचा गहू करून दाखवा.”

यंत्रात असंख्य छोट्या किल्ल्या. झाडाच्या पानांसारख्या एकाच मुळाशी जोडलेल्या, आणि त्या मुळाची खूण प्रत्येक लिफ्टमध्ये. एका किल्लीनं एकच सही करायची, कारण सही करताना किल्लीचा काही भाग उघडा पडतो. तिनंच दुसरी केली तर आणखी भाग उघडा पडतो, आणि ते तुकडे जुळवून एखादा लबाड तिसरी सही आपली आपण करू शकतो. त्यामुळे कोणती पानं वापरून झाली, हे यंत्रानं विसरून चालत नाही.

माणूस मोकळा, काम कोंडलेलं. खोलीला खिडकी नाही. एका बाजूला जाड काच, पलीकडे व्हरांडा. आत फोन न्यायचा नाही, काम सुरू झालं की संपेपर्यंत बाहेर यायचं नाही. रजा मागितली की साहेब म्हणत, “तुम्ही गेलात तर मग कोण?” निवृत्तीची तारीख आली तेव्हाही साहेबांनी तेच विचारलं, आणि मुदत वाढली.

त्यांची थोरली बहीण, अक्का, दूरच्या गावी एकटी राहायची. आई गेल्यावर तिनंच यांना वाढवलं. आता तिला दिसेनासं झालं होतं आणि डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती.

“या खेपेला येतोस, की यंत्राला विचारून सांगतोस?” अक्का फोनवर म्हणाली.

“येतो. आणि आलो की तिथंच राहतो.”

त्यांच्या जागी एक इंजिनियर बाई आली होती. हुशार, बडबडी. सहीवाल्यांना लवकर सुटता यावं म्हणून तिचीच धडपड जास्त. एक दिवस ती आनंदात आली.

“सर, खुशाल जा आता. मी सराव करून ठेवलाय.”

“कशावर?”

“कपाटातलं राखीव कार्ड दुसऱ्या यंत्रात घातलं, एक खोटा प्रोग्रॅम घेतला आणि सही केली. पहिल्या फटक्यात पटली.”

राखीव कार्ड म्हणजे यंत्राची जुनी आठवण. यंत्र बिघडलं तरच ते काढायचं, आणि तेव्हाही मधली सगळी पानं सोडून खूप पुढून सुरुवात करायची. बाईनं सोडली नव्हती. कार्डाच्या लेखी जे पान कोरं होतं, त्यावर खरी सही केव्हाच होऊन गेली होती.

“सही केलेली ती फाईल कुठंय?” सहीवाल्यांनी विचारलं.

“तपासणीवाल्यांकडे. त्यांनी बाहेरच्या कंत्राटदारांना दिली असेल.” बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं आणि आवाज उतरला. “पुसून टाकू, सर?”

“आपल्याकडची पुसाल. लोकांकडची?”

“माझी नोकरी जाईल.”

“माझी जाणार नाही,” सहीवाले म्हणाले. “हाच तर घोळ आहे.”

गप्प बसले असते तर चार दिवसांनी ते अक्काकडे असते. ते साहेबांकडे गेले.

“कुणाला कळणार आहे?” साहेब म्हणाले.

“कळेल तेव्हा लिफ्टमध्ये कुणीतरी असेल.”

साहेबांनी कपाळ चोळलं. नवं झाड लावायचं, आणि त्याची खूण घेऊन मेकॅनिकांनी एकेका लिफ्टपाशी जायचं ठरलं. सहीवाल्यांनी रदबदली केली म्हणून बाईची नोकरी राहिली, पण चौकशी होईपर्यंत तिला खोली बंद. म्हणजे आत पुन्हा सहीवालेच.

त्यांनी अक्काला फोन केला. “जमत नाही गं. एक किल्ली दोनदा वापरली गेली.”

“मग कुलूप बदल.”

“तेच करतोय. कुलपं फार आहेत.”

“शेजारीण येतेय सोबत. तू वेळेवर जेवत जा.”

ऑपरेशनच्या दिवशी ते आत होते. नवं झाड तयार व्हायला वेळ लागतो आणि तोवर दार उघडायचं नाही. त्यांचा फोन घेऊन बाई व्हरांड्यात बसली होती. दुपारी तिनं तो कानाला लावला. काचेतून त्यांना तिचे ओठ हलताना दिसले. ती हसली, मग नुसतं ऐकत राहिली, मग पाठमोरी झाली. ते उठून काचेपाशी आले. ती वळली, काहीतरी म्हणाली. ऐकू आलं नाही. तिनं फोन काचेला टेकवला. त्यांनी कान लावला. काच गार होती. पलीकडे अक्का बोलत असणार, आणि तिला वाटत असणार की हा ऐकतोय.