एक चमचा पाणी

मामंजींनी जेवण सोडलं तेव्हा मला आधी काळजी वाटली नाही, राग आला. खोटं कशाला सांगू. सकाळी त्यांना उठवायचं, अंग पुसायचं, धोतर बदलायचं, मग शाळा गाठायची, तिथे दुपारपर्यंत घसा फोडायचा. परत येताना रामघाटाची गल्ली, मग आमचा अंधारा जिना, आणि वर येऊन पाहावं तर पेजेची वाटी जशीच्या तशी. सासरे शहाऐंशीचे, मी अठ्ठावन्नची. हे जाऊन चार वर्षं झाली, घरात आम्ही दोघंच. मुलगी इकडेच हिंदीत वाढलेली, नोएडाहून फोनवर सांगते, "मम्मी, किसी को रख लो ना." ठेवल्या होत्या दोन बायका. पहिलीच्या हातचं मामंजींनी काही घेतलं नाही, आणि दुसरी त्यांच्या बोलण्याला कंटाळून निघून गेली.

डॉक्टर आले, त्यांनी दंडाची सैल कातडी चिमटीत धरून पाहिली. म्हणाले, "आठ दिन देखते हैं. ऐसे ही रहा तो नाक से नली डालनी पड़ेगी." मामंजींनी ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. नळी म्हणजे काय ते या घरात सांगावं लागत नाही. ह्यांना शेवटी होती. ते ती ओढून काढायचे म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधावे लागायचे, आणि ते मीच बांधत होते. मला पुन्हा कुणाचे हात बांधायचे नव्हते.

मग मी शिरा केला, मखान्याची खीर केली, तुपात मुरवलेला मऊ भात केला. चमचा पुढे नेला की ते मान भिंतीकडे वळवायचे. माझा जीव मेटाकुटीला आला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी ताट उचलत होते तेव्हा ते म्हणाले, "त्या बाईची दशमी कर."

"कुठल्या बाईची?"

"शिकायला यायची ती. स्कॉटलंडची."

मी ताट तसंच हातात धरून उभी राहिले. बावीस वर्षं झाली होती त्या गोष्टीला, आणि त्या बावीस वर्षांत मामंजींनी तिचं नाव काढलं नव्हतं.

ती दोन वर्षं आमच्या बाहेरच्या खोलीत बसून मामंजींकडे धर्मशास्त्र शिकली. त्यांच्याशी संस्कृतात बोलायची, माझ्याशी हिंदीत. मला दीदी म्हणायची. एकदा शिकवताना मामंजींनी तिला दशमीचा नियम सांगितला होता. पाण्यात भिजवलेलं अन्न परक्या हातचं चालत नाही, पण पीठ दुधात भिजवलं तर त्याला तो दोष नाही. म्हणून आमच्याकडे प्रवासाला दशम्या नेतात. तिनं ते वहीत लिहून घेतलं असणार, कारण परत जायच्या आदल्या दिवशी ती मैदा, लोणी आणि दही घेऊन आली. म्हणाली, गुरुजींना आमच्याकडचे स्कोन करून घालायचे आहेत. मी म्हटलं, त्याला भट्टी लागते ना? तर म्हणाली, माझ्या आजीकडे कुठे होती भट्टी, ती जाड तव्यावरच करायची.

स्वयंपाकघरात तिला नेणं शक्य नव्हतं. मी बाहेरच्या खोलीत विजेची शेगडी लावून दिली आणि माझा एक जाड तवा दिला. मैद्यात लोणी बोटांनी चोळून तिनं रव्यासारखं केलं, साखर घातली, दह्यादुधात जेमतेम गोळा केला. लाटणं घेतलं नाही, तळहातानंच बोटभर जाडीची भाकर थापली आणि सुरीनं चार तुकडे केले. मंद आचेवर, वर झाकण, मग उलटून पुन्हा झाकण. तिनं दोन घाणे काढले आणि पितळेच्या ताटात मामंजींपुढे ठेवले.

मामंजींनी विचारलं, पाण्याचा थेंब? ती बोलली संस्कृतात, पण तिनं एक बोट वर केलं ते मला दिसलं. एक चमचा, सोडा कालवायला. खोटं बोलली असती तर त्यांनी खाल्लं असतं. पण ती त्यांचीच विद्यार्थिनी. त्यांनी ताट बोटांनी थोडंसं पुढे सरकवलं, बस. तिनं मान हलवली, वाकून नमस्कार केला आणि शेगडीचं बटण बंद केलं. तिचे कान लाल झाले होते. मी दारात उभी होते. मूग गिळून गप्प राहिले.

तेव्हापासून माझ्या मनात मामंजींबद्दल अढी बसली ती बसलीच. एवढी विद्वत्ता, आणि एका चमच्यापायी त्या पोरीचं तोंड एवढंसं केलं. त्यांची सेवा मी केली, कधी कमी पडू दिलं नाही, पण ती अढी काही गेली नाही.

आता तेच मागत होते.

तो तवा माळ्यावर होता. तेव्हापासून तो स्वयंपाकघरात चालला नव्हता, आणि फेकवतही नव्हता. स्टुलावर चढून काढला, घासला, तेल लावून तापवला. पहिला घाणा गेला. मला घाई, गॅस मोठा ठेवला, वरून करपलं आणि आत कच्चा लगदा. दुसऱ्या वेळी मी नीट केलं. गॅस अगदी बारीक, तव्यावर उलटी परात, शेजारी उभं राहून सात-आठ मिनिटं एक बाजू, तेवढीच दुसरी. कडेला बोट लावून पाहायचं, चिकटलं नाही की झालं. आणि सोडाही मी दुधातच कालवला. मनात म्हटलं, या वेळी बोट ठेवायला जागाच ठेवायची नाही.

मामंजींना उशीला टेकवून बसवलं. त्यांनी तुकडा हातात घेतला, वास घेतला.

"सोडा कशात कालवलास?"

"दुधातच. पाण्याचा थेंब नाही, मामंजी."

त्यांनी तुकडा ताटात परत ठेवला. "मग हे तिचं नव्हे."

लग्न होऊन चौतीस वर्षं झाली, मी त्यांच्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढला. "तेव्हा पाणी होतं म्हणून खाल्लं नाहीत, आता पाणी नाही म्हणून खात नाही. मी करू तरी काय? मलाही हातपाय आहेत, मामंजी. दुखतात ते."

ते हळू आवाजात म्हणाले, "एक चमचा घाल."

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. रडू आलं, पण रडायचंही त्राण नव्हतं. डोळे पुसले आणि मैदा काढला. पुन्हा लोणी चोळलं. वाटीत सोडा घेतला, त्यावर एक चमचा पाणी घातलं, तो फसफसला. पुन्हा थापलं, पुन्हा त्या आचेपुढे उभी राहिले. कंबर नुसती ठणकत होती.

या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. दुधात बुडवून देऊ का म्हटलं तर मानेनंच नको म्हणाले. दात चारच, पण एकेक कण तोंडात घोळवत त्यांनी अर्धा तुकडा संपवला. मग उरलेला अर्धा. किती दिवसांनी त्यांचा कंठ हलताना पाहत होते.

"तिचं असंच लागत असेल का, कुणास ठाऊक," ते म्हणाले.

"असंच लागत होतं."

बोलून गेले आणि मग कळलं काय बोलले ते. मामंजींनी मान वर केली. "तू खाल्लं होतंस?"

आता लपवून काय करायचं होतं. "दोन खाल्ले. तुम्ही गाईला घालायला सांगितलं होतं, ते घेऊन उतरले आणि जिन्याखाली उभं राहून खाल्ले. उरलेले घातले गाईला."

मला वाटलं, आता रागावतील. ते म्हणाले, "तिला सांगितलंस?"

"नाही."

"ती तर दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला आली होती."

"हो."

ते म्हणाले, "मी तर नियमाला बांधलेला होतो. तुला काय अडचण होती?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी ताट उचलून आत आले, आणि इतकी वर्षं जी अढी त्यांच्या नावावर ठेवली होती तिच्यातली अर्धी माझी होती हे मला कळलं. ती निरोपाला आली तेव्हा मी तिच्या कपाळाला कुंकू लावलं होतं, पाठीवरून हात फिरवला होता. एक वाक्य बोलायला किती वेळ लागला असता?

पुढे रोज एक तुकडा, मग त्याच्याबरोबर थोडी पेज, असं चाललं. आठ दिवसांनी डॉक्टर आले, त्यांनी वजन पाहिलं आणि नळीचा विषय काढला नाही.

त्या बाईची दोन पत्रं आली होती, गेल्यावर पहिल्या वर्षी. मी उत्तर दिलं नाही. आज देऊ, उद्या देऊ, राहून गेलं. रविवारी पेटी उपसून त्यातलं एक काढलं. पत्ता तेव्हाचा आहे, ती तिथे असेल की नाही देव जाणे. मामंजींना विचारलं, काय लिहू? त्यांनी संस्कृतात एक ओळ सांगितली, की एक चमचा पाण्यासकट खाल्लं. ती मी लिहून घेतली, दोनदा तपासून त्यांना वाचून दाखवली.

त्याखाली मी हिंदीत माझं लिहिलं. दीदीनं त्याच दिवशी दोन खाल्ले होते, जिन्याखाली उभं राहून. छान झाले होते.