भंडारदऱ्याला जाताना काढलेला विमा
ओल्या प्लास्टरचा वास आला की मला भंडारदऱ्याची ती सहल आठवते. पाथर्डीहून दोनच दिवसांसाठी जायचं होतं, तेही आपल्याच जिल्ह्यात, तरी सुनेने मोबाईलवर माझा प्रवासाचा विमा काढला. मला ते खटकलं. जीपमध्ये मी मुलाला हळूच विचारलं, "माझं काय व्हावं असं वाटतंय हिला?" तो नुसता हसला, त्याने माझा संशय वाढलाच. धरणाजवळच्या शेवाळलेल्या पायरीवर माझा पाय घसरला तेव्हा सून अगदी मागेच होती, आणि माझ्या मनात भलतंच आलं. दवाखान्यात मनगटाला प्लास्टर चढत असताना ती विमावाल्यांशी फोनवर बोलत होती. तिने फोन ठेवताच मी म्हणाले, "तुला आधीच कसं ठाऊक हुतं गं?" ती म्हणाली, "माझे वडील खर्ड्याच्या किल्ल्यावर पडले, आत्याबाई. जवळच तर चाललोय म्हनून आमी कायबी तयारी केली न्हवती. गाडीसाठी कुनाला फोन करावा, तेबी कळंना." तिचे वडील लग्नाआधीच गेले, एवढंच मला माहीत होतं; कसे, ते तेव्हा कळलं. आता थंडीत मनगट ठणकलं की ती तेल चोळून देते आणि मी तिच्या वडिलांबद्दल एकेक विचारत राहते.