नववं कलम

माझ्या ताईला खोकला झालेला नाही. दोन डॉक्टरांनी तिच्या घशात बॅटरी मारून पाहिली आणि घसा स्वच्छ आहे म्हणून सांगितलं. तरी काहीही महत्त्वाचं बोलायच्या आधी ती दोनदा कोरडं खोकते आणि म्हणते, "ऐक हं." ही सवय तिची नव्हे. ज्याची होती त्या माणसाला जाऊन वर्ष होत आलं.

ताई दुसऱ्यांची आत्मचरित्रं लिहून देते. वर नाव त्यांचं, आतला मजकूर हिचा. मी धाकटी, शेजारच्या खोलीत शिवणकाम करते. मधली भिंत नावालाच आहे, त्यामुळे कोणी भावाला कसं फसवलं हे पुस्तक छापायच्या आधी मला ठाऊक असतं. तिच्या करारावर माझी सही नाही, म्हणून हे लिहिता तरी येतंय.

तो करार ती स्वतःच करते. वकिलाकडे जायचं म्हटलं की हिचं नाक वर. फार पूर्वी एका नटीने स्वतःच सगळीकडे बडबड करून खापर हिच्या डोक्यावर फोडलं, तेव्हा हिने हट्टाला पेटून बारा कलमांचा करार लिहिला. लेखिका कुठे काही बोलणार नाही, तिसऱ्या माणसाच्या कानावर एक शब्द जाणार नाही, असं सगळं त्यात होतं. नवं गिऱ्हाईक आलं की तोच उघडायचा, नाव नि तारखा बदलायच्या आणि छापायचा. मी म्हणायचे, "अगं, एकदा कोऱ्या कागदावर लिही की." त्यावर ही म्हणायची, "तू चालू मशीन उगाच खोलून बसतेस का?"

पंपवाले आले ते असेच. पाण्याचे पंप बनवणारा कारखाना त्यांनी नुकताच विकला होता. मंगळवार-शुक्रवार, दुपारी तीनच्या ठोक्याला हजर. बूट दाराशी जोडीने ठेवायचे, दोनदा खोकायचे आणि ताईला लेकीसारखं "ऐक हं" म्हणत सुरुवात करायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी एक गोष्ट मागितली.

"ही रेकॉर्डिंगं माझ्यामागे माझ्या मुलीला दे. अकरा वर्षं बोलत नाही माझ्याशी. पुस्तक काही ती वाचायची नाही. आवाज ऐकेल कदाचित."

ताईने ते चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी टेबलावरच्या दिव्याखाली सरकवली. मग करार काढला, पहिलं कलम बदललं, पाचवं बदललं. तेवढ्यात फोन आला. नववं तसंच राहिलं. ते त्या नटीच्या प्रकरणानंतर घातलेलं: हस्तलिखित मंजूर झाल्यापासून आठ दिवसांत सर्व रेकॉर्डिंग कायमचं पुसून टाकावं. पंपवाल्यांनी चष्मासुद्धा न काढता सही केली. "तू लिहिलंयस ना? मग झालं तर."

शेवटच्या शुक्रवारी ते जायला उठले आणि परत बसले. मग खोकले.

"ऐक हं. हे पुस्तकात नको. त्या दिवशी मी दाराला कडी घातली. ती खालच्या पायरीवर दोन तास बसली होती. तिला वाटतं, मी झोपलो होतो. मी खिडकीत उभा होतो. मी उघडलं नाही. हे मी तिला तोंडाने सांगणार आहे, हिंमत झाली की."

भिंतीच्या अलीकडे माझ्या हातातलं कापड तसंच राहिलं.

हस्तलिखित मंजूर झालं. ताई शिस्तीची बाई. आठव्या दिवशी करार पुढ्यात घेऊन तिने एकेका कलमावर टिक केली, नवव्यापाशी आली आणि रेकॉर्डिंगच्या दोन्ही प्रती पुसल्या. दर वेळी पुसायची तशाच. तिसऱ्या दिवशी पंपवाले गेल्याचं कळलं.

पुढच्या महिन्यात मुलगी आली. तिने बूट दाराशी जोडीने ठेवले, थेट वडिलांसारखे. मी दोघींपुढे चहा ठेवला आणि माझ्या खोलीत जाऊन दार ओढून घेतलं. तिला वडिलांच्या खणात कागद सापडला होता: माझा आवाज लेखिकाबाईंकडे ठेवलाय, तुझ्यासाठी.

ताई म्हणाली, "तसं काही करारात नाही हो," आणि दाखवायला करार काढला. नववं कलम तिने अर्धंच वाचलं. मग दिवा उचलल्याचं ऐकू आलं. चिठ्ठी तिथेच होती.

"चूक माझी आहे," ताई म्हणाली. "आवाज गेला. पण ते बोलले ते मला शब्द न् शब्द पाठ आहे." आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा करार मोडला. ती दोनदा खोकली. "ऐक हं," म्हणाली. पायरी, कडी, खिडकी, सगळं सांगितलं. भिंतीपलीकडे पंपवालेच बसलेत असं मला वाटलं.

मुलगी रडली. मग नाक पुसून म्हणाली, "फार छान लिहिता हो तुम्ही."

ताई गयावया करू लागली. "नाही हो, हे मी लिहिलेलं नाही. ते खरंच बोलले."

"असू दे. तुमचं कामच ते. मला बरं वाटावं म्हणून केलंत, कळतंय मला."

या गोष्टीला एक साक्षीदार होता. तो मशीनच्या पायपट्टीवर पाय ठेवून, श्वास रोखून बसला होता. बाहेर गेले असते तर तिसऱ्या माणसाने सगळं ऐकलं हे उघड झालं असतं, ताईची पत गेली असती, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे मी घाबरले. बाहेर बूट घातल्याचा आवाज आला. मधलं दार माझ्या हाताच्या अंतरावर होतं. मी उघडलं नाही.

मुलीचा पत्ता ताईकडे आहे. मी दोनदा पत्र लिहायला घेतलं, पण लेखिकेच्या बहिणीचं पत्र कोण खरं मानणार?

आता भिंतीपलीकडे कोणी नसतानाही ती खोकते आणि "ऐक हं" म्हणते. मी मशीन थांबवते आणि ऐकते.