संडास धुण्याचा मसाला

माझ्या सासूबाईंच्या मते भाजी काय आणि संडास काय, मसाला भरपूर पडला पाहिजे. ब्लिचिंग पावडर, कपड्याचा साबण, वरून अ‍ॅसिड, सगळं घोटून एकच पाणी करायचं. मी शाळेत विज्ञान शिकवते. पोरं तरी ऐकतात, पण घरात सांगून सांगून माझं डोस्कं उठलं होतं.

आमच्या गावात नळ आठ-दहा दिवसांनी येतो. तो यायच्या सकाळी टाकं रिकामं करून ब्लिचिंगनं घासायचं, आणि तळाला उरलेल्या पाण्यात मोरी-संडास धुऊन निपटवायचं, ही घरोघरची रीत. पाणी जड, फरशीवर पांढरा खार धरतो, म्हणून अ‍ॅसिडची बाटलीही त्याच सकाळी निघते. ब्लिचिंगचा डबा आणि अ‍ॅसिडची बाटली शेजारी-शेजारी, आणि मधे सासूबाई.

मी किती वेळा सांगितलं असेल. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं तर नुसता फेस येतो, धोका नाही आणि फायदाही नाही. खार काढायला एकटं लिंबू किंवा एकटं व्हिनेगर लावून अर्धा तास सोडून द्या. पण ब्लिचिंगमध्ये साध्या पाण्याशिवाय काही म्हणजे काही टाकू नका. अ‍ॅसिड तर नाहीच, लिंबूसुद्धा नाही. त्यातून विषारी वायू निघतो, आणि तुम्हाला दमा आहे.

"येवढं ध्यानात ठेवाले मी काय तुह्या शाळेत येऊन राह्यली का?" हे त्यांचं उत्तर. नवरा पेपरातून मान वर न करता म्हणायचा, "इतक्या वर्षांत काही झालं का?" या वाक्याचा मला इतका राग यायचा की मी भांडी आपटायची.

त्या रविवारी मी टाक्यात उतरून घासत होते. सासूबाईंचा खोकला ऐकू आला. खोकतच असतात, म्हणून मी घासत राहिले, मनात चिडचिड करत. मग नाकाला झोंबणारा वास आला आणि ब्रश टाकून मी टाक्यातून वर चढले.

शिंतोडे बाहेर उडू नयेत म्हणून त्यांनी संडासाचं दार ओढून घेतलं होतं. श्वास रोखून मी आत शिरले, त्यांना काखेत धरून अंगणात ओढत आणलं. ओठ निळे पडले होते. त्यांना श्वास घेता येत नव्हता, आणि मी काही करू शकत नव्हते. नवरा चपला न घालताच शेजाऱ्याची गाडी आणायला पळाला.

तालुक्याच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, थोडा आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. भेटायला आलेल्या बायांचं मात्र वेगळंच. एक म्हणाली, अ‍ॅसिड जास्त पडलं असेल, मी अर्धंच टाकते. दुसरी म्हणाली, वरून फिनाईल टाकलं की वास दबते. मी हात जोडले आणि त्यांना बाहेर व्हरांड्यात नेऊन बसवलं.

संध्याकाळी सासूबाईंचा मास्क निघाला. दिवसभर दाबून ठेवलेलं माझ्या तोंडातून निघालंच. "आई, शंभरदा सांगितलं होतं मी. काऊन ऐकत नाही तुम्ही?"

त्या धापा टाकतच उशीवर जरा वर सरकल्या. मग म्हणाल्या, "तूच तं म्हणलं होतं वं मांगच्या खेपेले. पाणी पुरत नाही, एका बादलीच्या वर पाणी नेऊ नका म्हणून. मंग दोन खेपा कशी धुवू?"

म्हटलं होतं. चांगलं आवाज चढवून म्हटलं होतं. ब्लिचिंग वेगळं, अ‍ॅसिड वेगळं, मधे भरपूर पाण्यानं धुवा, हे सांगणारी मीच, आणि ते भरपूर पाणी मोजून हातातून काढून घेणारीही मीच.

"झोपा आता," मी म्हटलं आणि त्यांच्या अंगावर चादर ओढली. त्यांनी मान हलवली आणि माझाच हात थोपटला.